पडशीतली लोण्याची बोटं

मित्रांनो, मी एक जुनी पडशी आहे. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारख्या लोंबतात ना, त्या दोन जोडपिशव्या म्हणजे मी. माझी लोकर मेंढीची, रंग डाळिंबाच्या सालीचा आणि अक्रोडाच्या टरफलांचा. विणलं मला एका आईने, मुलाच्या लग्नासाठी. तिला वाटलं होतं मी मीठ वाहीन, पीठ वाहीन, फार तर नातवाला वाहीन. पण मुलगा निघाला ग्रंथपाल. एसेनकुल त्याचं नाव. त्याने पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यातलं मीठ झटकून टाकलं आणि पुस्तकं भरली.

तुम्हाला सांगते, मला तेव्हा राग आला होता. मीठ गुपचूप बसतं. पुस्तकांना कोपरे असतात आणि ते सारखे टोचतात.

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं गाव मेंढरं घेऊन वरच्या कुरणांवर जातं आणि नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूंमध्ये राहतं. माणसं वर गेली की खाली गावातल्या वाचनालयात झुरळसुद्धा फिरकत नाही. म्हणून एसेनकुल मला आपल्या काशका नावाच्या घोड्यावर टाकायचा आणि तंबूतंबूला पुस्तकं पोचवायचा. डावीकडे द्यायची, उजवीकडे परत आलेली. घोड्यावरचे ते बावीस उन्हाळे म्हणजे माझं आयुष्य.

वाचणाऱ्यांचे काय एकेक नखरे! एक म्हातारबुवा घोडा न मरणारं पुस्तकच मागायचे. "घोडा मरतो का ते आधी सांग, मगच घेईन," म्हणायचे. दोन जावा एकच पुस्तक दोन टोकांकडून वाचायच्या आणि मधे भेटल्या की भांडायच्या. एकच प्रत असलेलं पुस्तक परत द्यायचं जिवावर आलं, तर लोक ते सबंध हाताने वहीत उतरवून घ्यायचे. आणि एसेनकुल? त्याला डागांची धास्ती. दर शरद ऋतूत जिल्ह्याहून तपासनीस यायचे आणि पुस्तक उजेडात धरून लोण्याची बोटं शोधायचे. एसेनकुल प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचा, घालायला लावायचा आणि तंबूत शिरताच आधी सगळ्यांचे हात बघायचा. लोक त्याला चिडवायचे, "एसेन आला, हात लपवा!"

पण डागांचं मूळ मीच होते, हे कबूल करायला हवं. आमच्याकडे कुणाचं भांडं, कुणाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. तुमच्याकडेही करत नसाल. त्यामुळे पुस्तकं बाहेर निघाली की आत लोणी यायचं, वाळवलेल्या चक्क्याच्या गोळ्या यायच्या, कधी मेंढीची चरबी. एसेनकुल हात जोडायचा. "अहो, पुस्तकांशेजारी लोणी नको!" यावर बायका म्हणायच्या, "रिकामी पडशी पाठवली तर आमच्या चुलीची काय अब्रू राहिली?" बरं, दिलेलं देणाऱ्यासमोर उघडून बघायचं नाही, ही दुसरी रीत. म्हणजे आत काय पडलंय ते त्या बिचाऱ्याला थेट पुढच्या मुक्कामी कळायचं.

या दोन रीतींनीच एकदा माझा जीव टांगणीला लावला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

सगळ्यात वरच्या कुरणावर साल्किन राहायची. तिशीची मेंढपाळीण, बोलायला कमी. नवरा दिवसभर मेंढरांमागे. ती एसेनकुलकडून पुस्तक तर घ्यायचीच, पण हळूच म्हणायची, "भाऊ, कोरी वही आहे का एखादी?" एसेनकुलला वाटायचं मुलाच्या शाळेसाठी असेल. मला ठाऊक होतं. तिच्या तंबूच्या जाळीदार भिंतीवर मला अडकवलेलं असायचं तेव्हा मी बघितलं होतं. चक्का वाळत घातला की माश्या वारायच्या निमित्ताने ती तिथेच पालथी पडायची आणि लिहायची. दोन ओळी लिहायची, एक खोडायची. कुत्रं भुंकलं की वही नमद्याखाली. असे चार उन्हाळे गेले. चार वह्या झाल्या. त्या तिने घोड्याच्या केसाने एकत्र शिवल्या आणि वर, एसेनकुलच्या शिस्तीप्रमाणे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

त्या साली उन्हाचा पत्ता नव्हता. चक्का वाळलाच नाही, त्याला बुरशी धरली. एसेनकुल उन्हाळ्यातल्या शेवटच्या फेरीला आला, पुस्तकं घेतली आणि काशकाला पाणी दाखवायला बाहेर गेला. साल्किन माझ्यासमोर उभी राहिली. तंबूत द्यायला काही नव्हतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग नमद्याखालून तो शिवलेला गठ्ठा काढला आणि माझ्या उजव्या बाजूत सरकवला.

"रिकामी कशी पाठवू?" ती पुटपुटली.

तिचा हिशोब सरळ होता. परत आलेल्या पुस्तकांत कव्हर घातलेला गठ्ठा वाटेत कुणाच्या लक्षात येणार नाही; एसेनकुल आठ दिवसांनी गावात पोचेल, एकटा असताना पडशी उघडेल, एकटाच वाचेल. बरं असेल तर सांगेल. वाईट असेल तर तोंडाला कुलूप लावील. तोंडाने विचारायची तिची छाती नव्हती. दुसरी प्रतही नव्हती.

आम्ही तासभर उतरलो असू, तोच खिंडीवर आभाळ काळंनिळं झालं आणि दुपारीच बर्फ पडायला लागला. काशका पुढे पाऊल टाकेना. एसेनकुलने लगाम वळवला आणि वाटेतला सगळ्यात जवळचा तंबू गाठला. तो होता जांगिल-आपांचा. जांगिल-आपा म्हणजे साल्किनच्या सासूबाई.

माझ्या लोकरीवर काटा आला. कारण वहीत काय आहे, ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं होतं.

जांगिल-आपा बारीक चणीच्या, पण त्यांच्यापुढे बोलायची बड्याबड्यांची टाप नव्हती. त्यांना अक्षर येत नव्हतं, ऐकायची मात्र भारी हौस. शेजारचे ओमुरझाक-आके आधीच तिथे शेगडीपाशी येऊन बसलेले. हे थट्टेखोर म्हातारे मूळचे सुतार. हातापेक्षा जीभ जास्त चाले. मधे लोखंडी शेगडी धडधडत होती आणि आपा गरम भाकऱ्यांना लोणी लावत होत्या.

"आलास? बस," आपा म्हणाल्या. "बर्फ आहे तोवर वाच काहीतरी. आणि माझे हात बघू नकोस, मला माहीत आहेत ते."

एसेनकुल हसला आणि माझ्यात हात घातला. उजवीकडे. मी जमेल तेवढी आक्रसले, पण पिशवीचं आक्रसणं ते किती! वर्तमानपत्राचं कव्हर सगळ्यांनाच होतं. हाताला आलं ते त्याने ओढलं आणि नेमकं तेच निघालं.

"हे छापील नाही," तो म्हणाला. "कुणीतरी उतरवून घेतलेलं दिसतंय."

"मग? हाताने लिहिलेलं वाचलं तर दात पडतात का?" ओमुरझाक-आके म्हणाले. "वाच."

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. मित्रांनो, तोंड नसण्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला मेंढरं होती, वारा होता. मग एका सासूचं वर्णन आलं. 'त्यांनी एक शब्द टाकला की विरजण न लावता दूध नासतं.' ओमुरझाक-आके मांडी थोपटून हसले. आपासुद्धा हसल्या. "असतात बाई अशा," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या भाकरीला लोणी लावायला घेतलं.

एसेनकुल रंगात आला. वाचणाऱ्याला लय सापडली की डोळे जिभेच्या पुढे धावत नाहीत. 'शरदात कुरण सोडून उतरताना त्या सगळ्यात मागे राहतात. म्हणतात, दोरी विसरले. दोरी कधीच विसरलेली नसते. आम्ही दिसेनासे झालो की त्या खिंडीकडे तोंड करून उभ्या राहतात.'

आपांचा हात थांबला. ओमुरझाक-आके हसायचे थांबले.

'लढाईवरून मरणाचा काळा कागद आला तेव्हा माझा नवरा सहा वर्षांचा होता. कुणीतरी तो वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, शेगडीचं दार उघडलं आणि आत टाकला. तेव्हापासून या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव सातिबाल्दी होतं.'

नाव तोंडातून गेलं आणि मग एसेनकुलच्या लक्षात आलं. त्याने वही मिटली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. 'ते', 'थोरले', 'तंबूचा खांब', असं काहीतरी म्हणतात. त्या तंबूत ते नाव पंचवीस वर्षांत उमटलं नव्हतं.

"इकडे आण," जांगिल-आपा म्हणाल्या.

"आपा, ही चुकून आली माझ्याकडे, मी—"

"आण म्हटलं ना."

त्याने वही दिली. आपांनी ती दोन्ही हातांत धरली. शेगडीचं दार त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर. ओमुरझाक-आके एसेनकुलच्या कानाशी लागले, "तो कागदही तिने असाच धरला होता. मी होतो तिथे. मीच वाचला होता." थट्टेचा माणूस, पण ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात तंबूचं दार वर उचललं गेलं आणि बर्फाने पांढरी झालेली साल्किन आत आली. आभाळ बघताच तिच्या लक्षात आलं होतं, की एसेनकुलला सासूच्याच तंबूत थांबावं लागणार. आणि बर्फात अडकलेल्या ग्रंथपालाकडून लोक दुसरं काय करून घेतात? खोगीर न घालताच ती घोड्यावर बसली होती. सवयीने तिने सासूला वाकून नमस्कार केला. नजर मात्र वहीवर.

"ही तू लिहिलीस?" आपांनी विचारलं.

"हो, आपा."

"दूध नासतं तेही?"

"तेही मीच."

"आणि त्यांचं नाव घेतलंस. माझ्या घरात येऊन, सून असून."

"तोंडाने नाही घेतलं, आपा. या क्षणापर्यंत कधीच नाही. पण त्यांची इथे कबर नाही. दगड नाही. तुम्ही घेणार नाही, मी घेणार नाही. मला वाटलं, कुठेतरी लिहिलेलं असावं. जाळायचंच असेल तर जाळा. फक्त… माझ्याकडे दुसरी नाही."

आपांनी शेगडीचं दार उघडलं. आगीची धग थेट माझ्यापर्यंत आली. साल्किनने डोळे मिटून घेतले. एसेनकुल अर्धवट उठला आणि तसाच राहिला. कारण आपांनी वही आत टाकली नाही. त्यांनी ती आगीच्या उजेडाकडे वळवली आणि उघडली.

"कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "मला दाखव."

साल्किन खाली बसली. तिने पान शोधलं, सासूचं बोट धरलं आणि त्या शब्दावर नेऊन ठेवलं. ते बोट लोण्याने माखलेलं होतं. डागांना घाबरणारा एसेनकुल समोर होता. त्याने पान हलू नये म्हणून वहीचा दुसरा कोपरा धरून ठेवला.

आपा बराच वेळ त्या शब्दावर बोट फिरवत राहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

"एवढंसंच?" शेवटी त्या म्हणाल्या. "केवढा उंच माणूस होता."

मग त्या रडल्या. कागद आला तेव्हा रडल्या नव्हत्या, असं ओमुरझाक-आके नंतर कितीतरी वेळा सांगायचे. रडून झाल्यावर त्यांनी बाहीने तोंड पुसलं, शेगडीचं दार पायाने लोटलं आणि वही एसेनकुलपुढे धरली.

"पुढे वाच. आणि सूनबाई, तू भाकरी खा. ती दोरीची गोष्ट अर्धी खोटी आहे हं. पहिल्या वर्षी दोरी खरंच राहिली होती. आणायला मागे गेले आणि मग ते लढाईला गेले ती खिंड दिसली. तेही लिही."

"लिहिते," साल्किन म्हणाली. मी तिचा चेहरा बघत होते. चार उन्हाळे लपूनछपून लिहिलेलं कुणीतरी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, त्यात चूक काढली होती. लिहिणाऱ्याला याहून मोठं सुख असेल असं मला वाटत नाही.

सकाळी बर्फ थांबला. आपांनी मला भरलं, आणि भरताना वही लोण्यापासून दूर, डाव्या बाजूत ठेवली. साल्किनने ती वाचनालयालाच दिली होती. शरदात तपासनीस आले. त्यांनी ती वही उजेडात धरली आणि मधल्या पानावरचा तेलकट डाग बघून कपाळाला आठ्या घातल्या. एसेनकुलने शांतपणे सांगितलं, "साहेब, तो डाग पुसायचा नाही."

आता काशका नाही, एसेनकुलची दृष्टी गेली आहे, कुरणावर मोटारी जातात. मी वाचनालयाच्या खिळ्यावर लटकते आहे. एक बाजू उंदरांनी कुरतडली. दुसऱ्या बाजूत ती वही आहे. कधी कुणी काढून वाचतं, बहुतेक वेळा कुणी नाही.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हात धुऊन हाती घ्या, हे एसेनकुलचं म्हणणं खरंच आहे. माझं एवढंच मागणं, की मला रिकामी लटकवू नका. आणि जुन्या वहीच्या एखाद्या पानावर बोटाचा डाग दिसला, तर नाक मुरडण्याआधी त्याखालचा शब्द वाचा. आमच्या वहीतला डाग अजून तसाच आहे. सातिबाल्दीचं दुसरं थडगं कुठेच नाही.