काढून ठेवली

दावा लावायचा असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कागदावर सही हवी, असं वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा सोमवार होता. गुरुवारी नवऱ्याच्या अटकेला वर्ष होणार होतं, आणि वर्ष उलटलं की पोलिसांवर दावा लावता येत नाही असा या परक्या देशातला कायदा.

"घरी नीट बोलून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि ती गोष्ट तुम्ही त्यांना सांगितलीत ना?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. कंपनी पत्ते द्यायची, हा पेटी घेऊन लोकांच्या घरी जायचा. गेल्या वर्षी एका बाईंच्या मशीनमधून पाणी जाईना. त्यानं खालचं झाकण उघडून गाळणी बाहेर काढली, तर तिच्यात केसांचा गुंता, एक बटण आणि सोन्याची अंगठी. बाई दुसऱ्या खोलीत फोनवर होत्या. त्यानं अंगठी पुसून मशीनवर ठेवली, गाळणी परत बसवली, मशीन फिरवून बघितलं आणि निघाला. जाताना दारातून इथल्या भाषेत तोडकंमोडकं बाईंना सांगितलंसुद्धा. अंगठी सापडली, एवढं बाईंना समजलं. पण मशीनवर बघतात तर काही नाही.

दुपारी पोलीस त्याला कामावरून घेऊन गेले. दुभाषा यायला दोन दिवस लागतील म्हणाले. मी लेकीला शेजारी सोडून धावत गेले आणि म्हटलं, मला भाषा येते, मी पदवीधर आहे. असं काही ऐटीत म्हटलं, की जणू पदवीचा कागद दाखवला की कोठडीचं कुलूप गळून पडतं. त्यांनाही बरंच झालं. खरं तेच सांगेन असं माझ्याकडून वदवून घेतलं, सही घेतली, आणि प्रश्न सुरू झाले.

नवरा म्हणाला, "अंगठी गाळणीत सापडली. मी ती काढून ठेवली."

मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. पोलिसाचे टाइप करणारे हात थांबले. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

नऊ दिवस तो आत होता. अकरा आठवड्यांनी त्याच बाईंकडे दुसऱ्या कारागिरानं मशीन पुढे ओढलं, तेव्हा मागच्या फटीत अंगठी मिळाली. मशीन फिरताना थरथरतं, वरची वस्तू सरकत जाऊन पडते; हे खरं तर माझ्या नवऱ्यालाच आधी सुचायला हवं होतं. बाई म्हणाल्या, घाबरून यानंच मागे टाकली असणार. पोलिसांनी प्रकरण बंद केलं आणि शेरा मारला: पुरावा अपुरा. निर्दोष नव्हे, अपुरा. म्हणजे चोर असेल, पण आमच्या हाती लागला नाही.

त्या शेऱ्यावर लोकांच्या घरात जायचं काम कोण देणार? आता तो गोदामात खोकी रचतो. चार महिन्यांनी आमचा इथं राहायचा परवाना संपतोय. नव्या अर्जात प्रश्न आहे, कधी अटक झाली होती का. हो लिहायचं, आणि पुढे तो शेरा जोडायचा.

तीन आठवड्यांपूर्वी वकीलबाईंनी पोलिसांच्या कागदांची नक्कल मिळवली. मी एकटीच गेले होते. तिसऱ्या पानावर नवऱ्याचा जबाब होता, माझ्या शब्दांत. त्यातली एक ओळ मी परत परत वाचली.

आपण 'ठेवली' म्हणतो ते दोन्हीला चालतं. इथल्या भाषेत मात्र दोन शब्द आहेत. एक, वस्तू कुठेतरी ठेवून देण्याचा. दुसरा, स्वतःजवळ ठेवून घेण्याचा. शाळेत बाईंनी दुसऱ्याचा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता, 'ठेवणे', आणि मी तो दहा वेळा वहीत उतरवला होता. जबाबात तोच होता. अंगठी सापडली, मी ती काढून घेतली आणि माझ्याजवळ ठेवली. खाली माझी सही.

"तो नेमकं काय म्हणाला होता?" वकीलबाईंनी विचारलं. मी सांगितलं तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मग हाच आपला दावा! कबुली कधी नव्हतीच. आणि बायकोला दुभाषी करायला पोलिसांना परवानगीच नव्हती." मग आवाज उतरला. "पण साक्ष तुम्हाला द्यावी लागेल. ते म्हणतील, नवऱ्याला वाचवायला शब्द फिरवते. नाहीतर म्हणतील, शपथेवर तेव्हा खोटं सांगितलं. दुसरं धरलं, तर तुमच्याही परवान्याचं कठीण आहे."

नवरा इकडे वर्षभर स्वतःच्या जिभेला बोल लावत होता. बाईंना दारात आपण काहीतरी भलतंच बोललो, म्हणून हे झालं, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. बाहेर तो तोंडच उघडत नसे. दुकानात वस्तूकडे बोट दाखवायचा. लेकीच्या पाळणाघरातल्या बाई काही विचारू लागल्या, की हसायचा आणि मला फोन लावून त्यांच्या हातात द्यायचा. मी हे सगळं बघत होते. तीन आठवडे तर कारण माहीत असून बघत होते.

मंगळवारी सासूबाईंचा फोन आला. "कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये. आणि तू गं, तू शिकलेली ना? समजाव त्याला." मग मऊ होऊन म्हणाल्या, "तुला ती भाषा येत होती म्हणून बरं. नाहीतर माझ्या लेकराचं काय झालं असतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऐकू येतंय का? की मेलं नेटवर्क?"

"येतंय, आई."

बुधवारी संध्याकाळी तो जमिनीवर बसून मटार सोलत होता. लेक दाणे पळवत होती.

"दावा नको," तो म्हणाला. "परत तेच पोलीस, परत तेच प्रश्न. माझ्या तोंडानं घात केला. आता मिटलेलं आहे ते बरंय."

"तुझ्या तोंडानं नाही केला."

"मग काय, तुझ्या?" तो हसत म्हणाला.

मी हसले नाही. मग सांगितलं. दोन्ही शब्द सांगितले, पान तिसरं सांगितलं, माझ्या साक्षीचं आणि परवान्याचंही सांगितलं. त्याच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे."

"एकवीस दिवस," तो म्हणाला. "मी आत नऊच होतो."

"मला भीती वाटली रे."

"त्यानं 'नक्की?' विचारलं होतं. तेवढं मला कळलं होतं. तू ठासून उत्तर दिलंस. मला वाटलं, बायको कशी माझ्या बाजूनं बोलतेय." त्यानं शेंग ताटात टाकली. "आणि तुला काही झालं तर हिचं काय?"

"तिचा परवाना आपल्या दोघांवरच आहे."

तो उठून गेला. मटार मीच सोलले. सकाळी डबा न घेताच कामावर निघाला. मला वाटलं, संपलं. दावा बुडाला आणि कदाचित आणखीही काही.

चार वाजता वकीलबाईंच्या जिन्याशी तो उभा होता, गोदामाच्याच कपड्यांत.

या वेळी दुभाषी फोनवर होती, सरकारमान्य. वकीलबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. साक्षीदारानं ऐकायचं नसतं. पण दार पातळ होतं. लेक मांडीवर झोपली होती. आतून त्या फोनमधल्या बाईचा आवाज आला, स्वच्छ मराठीत: "दादा, एक मिनिट. ठेवून दिली, की ठेवून घेतली?"

एवढंच विचारायचं होतं.

पाऊण तासानं तो बाहेर आला.

"केली सही."

"माझं?"

"सांगितलं. तू चुकलीस, हे सांगितलं. तुला त्या दुभाषाच्या खुर्चीत बसवलं कुणी, तेही लिहायला लावलं."

"आणि त्यांनी मलाच खोटं ठरवलं तर?"

"ते मी पण विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, ठरवू शकतात." त्यानं भिंतीकडे बघितलं. "सही नाही केली तर चार महिन्यांनी तिघांना जावं लागणारच आहे. चोर म्हणून."

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "आण तिला इकडे. तुला आत बोलावलंय."

त्यानं लेकीला उचलून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण तिची घसरलेली टोपी नीट केली.

आत वकीलबाईंनी साक्षीचा कागद माझ्यापुढे सरकवला. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, यातलं काही खोटं ठरलं तर काय काय होऊ शकतं ते. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. दोन शब्द अडले, ते फोनवरच्या बाईला विचारले. मग सही केली.