मास्तरांना सुट्टी आहे

बाळांनो, अशी कल्पना करा, की शाळेला मोठी सुट्टी लागली आहे. निम्मी इमारत बॅगा भरून बाहेरगावी गेली आहे. उरलेले लोक जिन्यात भेटले की एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "मग, यंदा कुठे?" आता अशीही कल्पना करा, की तुमच्या घरात मात्र हा प्रश्न सगळ्यांना नकोसा झाला आहे.

मुंगी नावाच्या एका मुलीच्या घरात तसंच होतं.

मुंगीचे बाबा कटिंग मास्तर. कपड्यांच्या कारखान्यात शिवणारे पुष्कळ असतात, पण कापडाचे थरावर थर रचून त्यातून एका दमात बाह्या, कॉलरी आणि पाठी कापणारा मास्तर एकच. कात्री जरा वाकडी गेली, की सगळे थर वाया. मुंगीच्या बाबांची कात्री वाकडी जात नसे. पण सुट्ट्यांच्या तोंडावर मालकाने कारखाना विकला, नव्या मालकाने तिथे गोदाम केलं आणि मास्तरांचं काम गेलं.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. इमारतीत सगळे त्यांना नुसतं मास्तरच म्हणत. त्यावरून त्यांना एक युक्ती सुचली.

"मुंगे, कोणी विचारलं तर सांगायचं, मास्तरांना सुट्टी आहे. शाळेच्या मास्तरांना असते की नाही? तशीच."

"पण तुम्ही कुठे शाळेत शिकवता?"

"तेवढं कोण बघतंय? कारखाना बंद, म्हणजे सुट्टीच."

"मग ती संपणार कधी?"

"संपेल," असं म्हणून बाबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

सकाळी लवकर ते कामाच्या शोधात निघत, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही. प्रत्येक फाटकावरचा रखवालदार तेच सांगे, "साहेब सुट्टीवर आहेत. सुट्ट्या संपल्या की या." दुपारी बाबा परत येत आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आई एका दुकानात कामाला होती. सुट्ट्यांच्या गर्दीत तिला मान वर करायला उसंत नव्हती.

अशात आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सारा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काम केलेली. रोग लपवणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती, त्यामुळे भावाचं काम गेलंय हे तिने आल्या आल्या ओळखलं.

त्याच दुपारी दाराची घंटा वाजली. आत्या आत अंघोळीला गेली होती, म्हणून मुंगीने दार उघडलं. तळमजल्यावरच्या शिवणकाकू आल्या होत्या. त्यांच्या दोन खोल्यांत शिलाई मशिनी होत्या आणि तिथे हॉटेलांतल्या नोकरांचे गणवेश तयार होत.

"बाबा आहेत का गं?"

"आहेत, पण त्यांना सुट्टी आहे," मुंगीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"असं होय. अगं, माझा कटिंग मास्तर सुट्टीला म्हणून गावी गेला आणि तिकडेच दुसरं काम धरून बसला. कापड तसंच पडलंय. म्हटलं, बाबांच्या माहितीत कोणी मोकळा माणूस असेल. पण जाऊ दे. बिचाऱ्यांना चार दिवस आराम मिळालाय, त्यात मी कशाला माझं रडगाणं गाऊ? संध्याकाळी हॉटेलवाल्यांना कापड परत देते आणि मोकळी होते."

चहाच्या वेळी मुंगीने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

आत्या म्हणाली, "बघतोस काय? खाली जा."

"आता कसा जाऊ, ताई? पोरीने सुट्टी सांगितलीय. बेकार आहे म्हणालो तर उद्या इमारतभर होईल."

"होऊ दे की."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना स्वतःच्या सुट्ट्या पुरत नाहीत. ते तुझ्यासाठी कुठून वेळ काढणार?"

"तू नको सांगू मला. घरी बसलेल्या माणसाला लोक काय काय नावं ठेवतात, ते मला चांगलं ठाऊक आहे."

मुंगी म्हणाली, "बाबा, वरच्या मजल्यावरच्या काकांना तुम्ही जहागीरदार म्हणता, तसं?"

वरच्या काकांची नोकरी मागे कधीतरी गेली होती. ते गॅलरीत दिसले, की बाबा हसत हसत म्हणायचे, "उठले वाटतं आमचे जहागीरदार!"

"मग आता आपण पण जहागीरदार का?" मुंगीने विचारलं. टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाबांची मान खाली गेली. आत्या हळूच म्हणाली, "काय रे, आधी तू शिंप्याच्या दुकानात होतास, तेव्हा माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढून धरलं, तर काय करायचास?"

"श्वास सोडा म्हणायचो. नाहीतर शर्ट पोटावर बसायचा नाही."

"मग तू इतके दिवस काय करतोयस? पोट आत ओढून उभा आहेस नुसता. लोकांना तुझं खरं माप कळलंच नाही, तर तुझ्या अंगाला बसेल असं काम ते देणार कसं? कारखाना गेला, तुझे हात कुठे गेले? सोड श्वास आणि जा खाली."

बाबा उठले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, मुंगीचा हात धरला आणि जिना उतरले.

शिवणकाकू कापडाचे तागे बांधत होत्या. बाबा दारातच म्हणाले, "काकू, पोरीने सांगितलं ते मीच तिला शिकवलेलं. मला सुट्टीबिट्टी काही नाही. माझं काम गेलंय."

काकूंनी दोरी खाली टाकली. "अहो भले गृहस्थ, हे आधी नाही का सांगायचं? मी सकाळपासून सगळं गाव पालथं घातलं आणि मास्तर माझ्या डोक्यावरच राहतोय! पण हात बघितल्याशिवाय मी कोणाला ठेवत नाही हं. हा तागा अंथरा."

बाबांनी थर रचले, कडा जुळवल्या, खडूने रेघा आखल्या आणि कात्री चालवली. काकूंनी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बाही उचलून एकमेकींवर ठेवली. सूतभरही फरक नव्हता.

"उद्यापासून या," काकू म्हणाल्या. "संपली तुमची सुट्टी."

बाळांनो, काम जाणं हा गुन्हा नव्हे. आज याचं जातं, उद्या त्याचं. लाज वाटायची असेल, तर काम गेलेल्याला हसणाऱ्याला वाटावी. त्या हसण्याला भिऊनच माणसं तोंड मिटून घरात बसतात आणि दाराशी आलेलं काम परत जातं. म्हणून आपलं काम गेलं, तर सरळ सांगावं. आणि शेजाऱ्याचं गेलं, तर त्याला नाव ठेवू नये. तुला काय येतं, असं आपण होऊन विचारावं.

मुंगीला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले आणि ती वरच्या मजल्यावर गेली. काकांनी दार किलकिलं केलं.

"काका, तुम्हाला काय काय काम येतं?" मुंगीने विचारलं.

काकांनी दार पूर्ण उघडलं. "सांगायला वेळ लागेल," ते म्हणाले.

मुंगी आत गेली आणि खुर्ची ओढून बसली.