सात तोंडांची पेटी सोडून मला नेलं

मित्रांनो, मी एक जुनी ॲम्प्लिफायरची पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. टीव्हीतून निघणारा आवाज मुंगीच्या पावलाइतका नाजूक असतो. त्याच्या अंगात बळ भरून स्पीकरला बोलतं करायचं, हे माझं काम. शाबासकी मात्र स्पीकरला मिळते. मिळू दे. चुलीपाशी राबणारीला कोणी हार घालतं का?

माझा जन्म कोरियातल्या गुमी शहरातल्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांशी बसलेल्या मुलींनी माझी एकेक तार डाख देऊन जोडली. पोटात तांब्याच्या तारेचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर बसवला, म्हणून मी अशी वजनदार. त्या काळी आमच्याकडे घरोघरी एकशेदहा व्होल्टची वीज होती आणि दोनशेवीसची यायला लागली होती. म्हणून माझ्या पाठीवर एक खटका ठेवला. जी वीज असेल तिकडे तो फिरवायचा.

तरुणपणी मी जोंजूच्या एका कॉफीघरात होते. तिथे आवडीचं गाणं ऐकायला पोरंपोरी एका कपावर दुपार काढायची. नंतर ते कॉफीघर बंद पडलं आणि मी सोलच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गूशेठच्या दुकानी येऊन पडले. माणूस चांगला, पण माझ्या डोक्यावर वाडगा ठेवून नूडल्स खायचा. मी काय चौरंग आहे?

अशात एके दिवशी, छुसॉकचा सुगीचा सण तोंडावर आलेला असताना, मेंग सुनदोक दुकानात शिरल्या. मागे त्यांचा मुलगा सांगह्योन. सुनदोक आजींचे यजमान जन्मभर बसच्या इंजिनाशेजारी बसून गाडी हाकत आले. त्यात त्यांचे कान गेले. टीव्हीतलं बोलणं कळेना. आवाज मोठा केला तर बोलणं फाटायचं, शिवाय खालच्या मजल्यावरची बाई तक्रारीचा फोन करायची. शेवटी आजोबांनी "काय म्हणाला?" हे विचारणंच सोडलं. जेवण झालं की उठून खोलीत जायचे. सगळं घर एकत्र बसून सिनेमा बघायचं आणि आजींच्या शेजारची जागा रिकामी. तेवढी एक जागा भरायची म्हणून आजी बाजारात आल्या होत्या. पैसे बेताचेच.

सांगह्योनचं मन एका नव्या चकचकीत पेटीवर गेलं. "आई, हिला सात स्पीकर लागतात. सिनेमात पाऊस पडला की पाठीमागून पडल्यासारखा वाटेल."

"पावसाला काय जाळायचंय? तुझ्या बापाला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. आणि सात तोंडांनी बोलणारा घरात हवाय कोणाला? एका तोंडानं नीट बोललं तरी पुरे."

"खोक्यावर हजार वॅट लिहिलंय, बघ."

आजींनी ती पेटी एका हातानं उचलली आणि खाली ठेवली. "हलकी आहे. पोकळ कोबी असाच लागतो हाताला."

गूशेठ हसला. "आजी, इथे किमचीच्या कोबीचा बाजार भरत नाही."

"म्हणून तर जपून. कोबी निदान स्वतःच्या पानावर हजार वॅट लिहून येत नाही!"

मग गूशेठनंही खरं सांगितलं. "एवढ्या पैशात सात वाटे केले तर प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर पडेल. दोनच स्पीकर घ्या, पण त्यांना पोटभर खायला घालणारी पेटी घ्या." आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

आजींनी मला एका हातानं उचलायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. "हिच्यात काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. किती वर्षांनी कोणीतरी मला हात लावून पारखलं! शेठनं बातम्या लावल्या. आजी डोळे मिटून ऐकत राहिल्या. "अगं बाई, स्पीकर दोन बाजूंना आणि बोलणारी बाई मधोमध बसल्यासारखी!"

सांगह्योनलाही कमी लेखू नका. नव्या टीव्हीचा आवाज माझ्यापर्यंत आणायला मधे एक डबी लागते, ते त्यालाच ठाऊक होतं. ती नसती तर मी जन्मभर मुकी राहिले असते.

"घरी वीज दोनशेवीसची आहे, तेवढं बघा," निघताना शेठनं बजावलं.

दोघांनीही बघितलं. घोटाळा तिथेच झाला.

सणाच्या दिवशी सांगह्योननं माझ्या पाठीवरचा खटका दोनशेवीसवर फिरवला आणि तो बहिणीला आणायला स्टेशनवर गेला. आजींना खटक्याचं काय माहीत? जुनी वस्तू म्हणजे एकशेदहाचीच, एवढंच त्यांना ठाऊक. पूर्वी घरोघरी असायचा तो वीज अर्धी करणारा लोखंडी डबा त्यांनी गच्चीतून शोधून आणला, सोफ्यामागे ठेवला आणि माझी वायर त्यात खोचली. झालं! मला हवी होती पुरी वीज, मिळाली अर्धी.

दुपारी सगळे जमले, सिनेमा लागला आणि मी तापकरी माणसासारखी कण्हले. आवाज वाढवला की घोगरा, फाटका. आजोबांनी थोडा वेळ कान दिला. "छान आहे हो," बायकोला बरं वाटावं म्हणून म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

आजींचा चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, "आई, जुन्या बाजारात जुनंच मिळणार."

"तूही जुन्याच बाईच्या पोटची आहेस!" आजी कडाडल्या. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सांग्या, ही उपाशी आहे. दुकानात अशी नव्हती बोलत."

सांगह्योन वायर धरून सोफ्यामागे वाकला. "हा डबा कोणी लावला?"

"मी. जळून गेली असती ती!"

"अगं, मी खटका फिरवला होता!"

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"तू विचारलंस?"

मुलगी हसत सुटली. डबा काढला, वायर सरळ भिंतीत लावली. माझ्या पोटात ऊब आली. पडद्यावर एक आई परत आलेल्या मुलाला हळूच विचारत होती, "जेवलास का?" आणि तो म्हणाला, "जेवलो."

आतल्या खोलीतून आवाज आला, "खोटं बोलतोय तो! जेवलेला नाही!"

आजोबा दारात आले, पडद्याकडे बघत चालत आले आणि आजींच्या शेजारी बसले. मग काय विचारता! याला फटकार, त्याला सल्ला दे, सिनेमाभर त्यांची बडबड. शेवटी आजीच म्हणाल्या, "अहो, गप्प बसा ना, आम्हालाही ऐकू द्या!" म्हणताना त्यांनी डोळ्याला बाही लावली. खालच्या मजल्यावरून फोन आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी घरात असेल तर तिला कापडानं झाकून कोंडू नका. तापलेल्या अंगाला वारा लागतो. अधूनमधून धूळ पुसा. नवी घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरचे आकडे नंतर वाचा, आधी ठरवा की ती कोणाच्या कानांसाठी घ्यायची आहे. जमलं तर त्याच माणसाला बरोबर न्या, दुकानात त्याच्यासाठी खुर्ची मागा, आणि त्याचं ऐकून होईपर्यंत कोणालाही घाई करू देऊ नका.