कधीही न भरणारा पेनड्राइव्ह

टी. नगरच्या त्या कल्याण मंडपात लग्न नव्हतं, तरी रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एका लॅपटॉपचं चित्र मोठं करून दाखवलं होतं आणि व्यासपीठावर स्वामी अक्षयानंद बोटाएवढा पेनड्राइव्ह उंच धरून उभे होते. पेनड्राइव्हला विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते.

"आकाश कधी भरतं का?" स्वामींनी विचारलं. ते मराठी, तमिळ आणि इंग्रजी यांची सरमिसळ करून बोलत.

"नाही!" सभागृह ओरडलं.

"माझ्या गुरूंनी या चिपमध्ये आकाशतत्त्व स्थापन केलं आहे. टाका, टाकत राहा! हा भरणार नाही."

त्यांनी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पडद्यावर जागेचा आकडा आला तो एखाद्या मोठ्या कचेरीला पुरेल एवढा. मग बँकेत अधिकारी असलेल्या वेंकट यांच्या मुलीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यात कॉपी झाला आणि लगेच उघडून दाखवला. नवरीच्या गळ्यात माळ पडली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. आकाशतत्त्वाला प्लास्टिकचं टोपण कशाला लागतं, हे कोणी विचारलं नाही.

मी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याने "चालतंय" म्हटलं की ते कसं चालत नाही हे शोधायचा मला पगार मिळतो, त्यामुळे संशय माझ्या अंगात मुरला आहे. तरी इथवर मी गप्प होते. नियम ऐकले आणि माझे कान टवकारले.

"अय्यप्पाची माळ घातली की आपण एक मंडल, एक्केचाळीस दिवस, व्रत पाळतो. तसंच याचं," स्वामी म्हणाले. "मंडल पुरं होईपर्यंत हा यंत्रातून काढायचा नाही. दुसऱ्या यंत्रात लावायचा नाही. संगणक बंद करायचा नाही, नुसता झोपवायचा. आणि आत घातलेलं मूळ जागेवरून पुसून टाकायचं. एक मूर्ती दोन देवळांत बसत नाही."

देव कधीपासून शटडाउनला घाबरायला लागला? पण इथल्या माणसाला मंडल म्हटलं की पुढे प्रश्न सुचत नाही. व्रत अर्धवट सोडणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. स्वामींनी कुलूप बरोबर जागी लावलं होतं.

माझ्या शेजारी चंद्रमौळी मामा हात जोडून बसले होते. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठी घराण्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांच्या लॅपटॉपवर 'जागा संपत आली' अशी सूचना रोज यायची आणि त्याने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. कारण त्याच लॅपटॉपमध्ये सीतालक्ष्मी मामींच्या थोरल्या बहिणीचा, कनका अक्कांचा आवाज होता. लग्नातली, मुलगी न्हाती झाल्याची, झोपाळ्याची जुनी तंजावरी मराठी गाणी. अक्का गेल्या त्याला वर्ष झालं. ती गाणी आता दुसऱ्या कोणाला येत नाहीत.

मामांनी रांगेत उभं राहून, भरपूर दक्षिणा मोजून पेनड्राइव्ह घेतला.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आले, तर मामांनी जिन्यातच हाक मारली. "सुनेत्रा, ये बघ! अस्कं आत गेलं. फोटो, नातवंडांचे व्हिडिओ, वेंकटरामनची मुंज, अक्काची गाणी, अस्कं! आणिक जागा आहेच आहे!"

अस्कं म्हणजे सगळं, आणि वेंकटरामन म्हणजे त्यांचा अमेरिकेतला मुलगा.

"मूळचं कुठे आहे, मामा?"

"फोटो, मुंज दुपारीच पुसलं. रिसायकल बिनही रिकामं केलं. आता अक्काचा फोल्डर बिनमध्ये टाकलाय. एवढं रिकामं केलं की झालं."

पडद्यावर प्रश्न होता: कायमचं पुसायचं, नक्की? मामांचं बोट माउसवर होतं.

"थांबा!" मी जवळजवळ किंचाळले. "आधी ड्राइव्ह काढून परत लावून बघू."

"अय्यो, नको! मंडल मोडेल. मी तपासलं की. प्रत्येक गोष्ट घातल्यावर लगेच उघडून पाहिली. मज काय अगदीच कळत नाही?"

"मामा, नुकतीच कॉपी केलेली फाइल संगणक थोडा वेळ आपल्या स्मरणात ठेवतो. तुम्ही लगेच उघडली की तो तीच वाजवून दाखवतो, ड्राइव्हला विचारतच नाही. म्हणून तर काढू नका, बंद करू नका, झोपवा, असं सांगितलंय!"

"तुम्ही मुलं अस्क्याची थट्टा करता," मामा दुखावून म्हणाले.

स्वयंपाकघरातून मामी हात पुसत आल्या. त्यांना माउस धरता येत नव्हता, पण भांडण कशावरून चाललंय ते त्यांना नीट कळलं होतं.

"अक्का माझी," त्या म्हणाल्या. "पुसायच्या आधी मज तिला ऐकायचं आहे. व्रत मोडलं तर पाप माझं."

आणि त्यांनी सरळ पुढे होऊन पेनड्राइव्ह उपटला.

मामा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मी ड्राइव्ह पुन्हा लावला. फोल्डर सगळे जागच्या जागी होते. नावं होती, आकार होते, तारखा होत्या. पहिले काही फोटो उघडले. पुढचे करडे झाले. मग मामींनी बोट दाखवलं ते झोपाळ्याचं गाणं मी उघडलं.

फाइल वाचता येत नाही.

दुसरं. तिसरं. तेच.

"मुंज बघ," मामा हलक्या आवाजात म्हणाले. मुंजही नव्हती. नुसतं नाव होतं.

मी बिनमधला अक्कांचा फोल्डर जागच्या जागी परत आणला. मामींनी गाणं लावायला सांगितलं आणि अक्कांचा आवाज खोलीत आला. मामी पदर तोंडाला लावून रडल्या. मामांनी मात्र मान वर केली नाही. मला स्वामींचा भयंकर राग आला.

चमत्कार असा होता. पेनड्राइव्हमध्ये खरी जागा चिमूटभर. पण आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं. संगणकाने "किती जागा आहे?" विचारलं की ती अवाढव्य आकडा सांगते. संगणक बिचारा विश्वास ठेवतो आणि देत राहतो. नावांची यादी सुरुवातीलाच लिहिली जाते, म्हणून ती दिसते. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं आणि चिप दर वेळी सांगते, "मिळालं." असले ड्राइव्ह बाजारात स्वस्तात मिळतात. विभूती तेवढी स्वामींची.

पुढच्या रविवारी उरलेल्या भक्तांना वाटप होतं. मी बोलायचं ठरवून गेले होते, पण मामाच उठले.

"माझ्या मुलाची मुंज गेली," ते म्हणाले. "मी स्वतःच्या हाताने पुसली. कोणी आपला ड्राइव्ह आणला असेल, तर इथे दुसऱ्या संगणकात लावा."

मामांनी आदल्या दिवशी विनवल्यावरून वेंकट यांनी व्रत मोडून आणलेला ड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावला. लग्नाचं नाव आलं. लग्न आलं नाही.

स्वामी हसले. "व्रत मोडलंत. श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा मी अस्की घातली होती," मामा म्हणाले. "कमी पडली ती तुमच्या ड्राइव्हातली जागा."

मंडपात कुजबुज झाली, मग आरडाओरडा. वेंकट व्यासपीठाकडे धावले, कोणीतरी पोलिसांना फोन केला. स्वामींना पोलिसांच्या गाडीत बसवलं, तेव्हा त्यांनी कोणालाही आशीर्वाद दिला नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात असं काही जपलेलं असेल. नवा ड्राइव्ह आणला की आधी बिनमहत्त्वाच्या फाइलींनी तो काठोकाठ भरा. नीट 'इजेक्ट' करून काढा, परत लावा, शक्य तर दुसऱ्या संगणकाला लावा आणि शेवटची फाइल उघडा. जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि पाहिल्याशिवाय मूळ पुसू नका, मग सांगणारा कितीही मोठा असो. खरी वस्तू तपासल्याने बिघडत नाही. तपासू नका असं जो सांगतो, त्याला आधी तपासा.