टपोरे डोळे

“अक्का, हिला उद्या नको, आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या,” कस्तुराबाई म्हणाली होती, आणि अहल्येने ते हसण्यावारी नेलं होतं.

साल अठ्ठावन्न. अहल्येची लेक चंपा तेव्हा चार महिन्यांची. तिचे डोळे म्हणजे अख्ख्या बसवनगुडी पेठेचं कौतुक. भाजीवाली टोपली उतरवायच्या आधी “कण्णु नोडम्मा, कण्णु!”, डोळे बघा, डोळे, म्हणत पाळण्यात डोकवायची. एवढे टपोरे, काळेभोर डोळे तिच्या वडिलांच्या, नरसिंहरावांच्या, सात पिढ्यांत कुणाचे नव्हते, असं अहल्येच्या सासूबाई, म्हणजे सोयराबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगून झालं की दृष्ट लागेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत आणि काजळाचं बोट आणखी एकदा फिरवत.

कस्तुराबाई बेळगावकडची ख्रिस्ती विधवा. टोपडी-दुपटी शिवून दारोदार विकायची, आणि विकता विकता येशूच्या गोष्टी सांगायची. अहल्येला त्या गोष्टींची मौज वाटे. अहल्या स्वतः मिशनच्या कॉलेजात बी. ए. झालेली, बायबलच्या तासाला ख्रिस्ती मुलींना मागे टाकून पहिली येणारी. जन्मांधाची गोष्ट तर तिला तोंडपाठ होती. येशू थुंकीने माती कालवतो, आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, तो तळ्यावर जाऊन धुतो आणि त्याला दिसू लागतं. कस्तुराबाई तळ्याचं नाव चुकली की अहल्या आतून ओरडून दुरुस्त करायची.

त्या दिवशी टोपडं घालून बघताना कस्तुराबाईने चंपाला अंगणात आणलं. उन्हाची तिरीप लागताच पोरीने डोळे घट्ट मिटले, मान तिच्या खांद्यात खुपसली. काजळ पाण्याबरोबर गालावर ओघळलं.

“असं नेहमी करते?”

“काजळ झोंबतं तिला. आणा इकडे.”

“काजळ नव्हे, अक्का. हे डोळे...”

“डोळ्यांवरून बोलू नका हं, कस्तुराबाई! सासूबाईंनी ऐकलं तर तुमच्यावरूनच मिरच्या उतरतील.” अहल्या हसली. मग आवाज थोडा चढवून म्हणाली, “आणि या निमित्ताने प्रार्थनेला बोलावणार असाल, तर मी कॉलेजात चार वर्षं तेच ऐकलंय.”

“प्रार्थना माझी मी करीन हो. तुम्ही डॉक्टरकडे जा.”

त्या रात्री चंपाला कडकडून ताप आला. “ती बाई डोळ्यांवर बोट ठेवून गेली,” सोयराबाई म्हणाल्या. ताप दोन दिवसांत उतरला, पण कस्तुराबाईला दार बंद झालं. ती त्यानंतर दोनदा आली. दुसऱ्या वेळी बराच वेळ बाहेर उभी राहून, “अक्का, टोपडं घेऊ नका, पण माझं ऐकून तरी घ्या,” म्हणत राहिली. अहल्या कडीला हात लावून आत उभी होती. कडी तिने काढली नाही. चंपाला उजेड सोसत नाही, म्हणून तिने खिडकीला जाड पडदा मात्र शिवला.

अहल्या तशी डोळ्यांत तेल घालून मुलीला जपणारी. दूध, शी, झोप, सगळं वहीत टिपून ठेवणारी. वहीत डोळ्यांचं पाणीही होतं. पुढे लिहिलं होतं, ‘काजळ बदलावे.’

पुढे कार्तिकात भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेला ती चंपाला घेऊन गेली. नरसिंहरावांनी लाल कागदाचं भिरभिरं घेतलं आणि लेकीसमोर धरलं. वारा पडला होता. चंपा बघेना. त्यांनी ते उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं. चंपा शेंगा भाजण्याच्या आवाजाकडे कान लावून हसत होती. मग झुळूक आली, भिरभिरं फरफरलं, आणि चंपाने हात पुढे केला, भलत्याच बाजूला.

“अहो,” अहल्या म्हणाली. “हिला दिसत नाही.”

सरकारी इस्पितळातले डॉक्टर वृद्ध आणि मऊ बोलणारे होते. डोळ्याच्या आत पाण्याचा दाब वाढतो, त्या दाबाने तान्ह्या मुलांचा डोळा फुगत जातो, त्यांनी सांगितलं. हे टपोरेपण म्हणजेच दुखणं. आतली नस आता सुकली आहे, नजर परत येणार नाही.

“चार महिन्यांची असताना आणली असतीत तर...” ते चष्मा पुसू लागले.

घरी सोयराबाईंनी काजळाची डबी उचलली आणि परसात भिरकावली.

आठवड्याने कस्तुराबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. अहल्येने दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

“कुणाचं पाप, कस्तुराबाई? जन्मांधाला बघून येशूच्या शिष्यांनी विचारलं होतं ना, याचं की याच्या आईबापांचं?”

“त्याने सांगितलं, कुणाचंच नाही.”

“आणि शेवटी? आम्हाला दिसतं म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्यांना तो काय म्हणाला? ‘दिसतं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं,’ ते का नाही सांगत? मी वर्गात उभी राहून सांगितलंय ते, न अडखळता!”

कस्तुराबाईने चंपाला मांडीवर घेतलं. चंपाने तिचं नाक चाचपलं, ओठ चाचपले.

“माझी धाकटी बहीण,” ती हळूच म्हणाली. “तिला गाव हरिणडोळी म्हणायचं. आम्ही पण म्हणायचो, तिची नजर जाईपर्यंत.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगत होते, अक्का. दाराबाहेरून.”

अहल्येला वाटलं, हिने शिव्या द्याव्यात, तळतळाट करावा. कस्तुराबाईने पिशवीतून नवं टोपडं काढलं. “हिच्या मापाचं केलंय,” म्हणाली. “नको म्हणू नका. कृपा कुणी कमावतं होय? ती नुसती घ्यायची असते.” अहल्येने टोपडं घेतलं. टोपड्याचे बंद बांधायला कस्तुराबाईच पुढे झाली.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात अहल्येला फुलबाजारात एक बाई दिसली, कडेवर पाचेक महिन्यांचं बाळ. टपोरे डोळे, ओघळलेलं काजळ, उन्हाने मिटलेल्या पापण्या. अहल्या तिच्यामागून घरापर्यंत गेली, बाळाला डॉक्टरकडे न्या सांगायला तीनदा गेली. “तुमच्या पोरीचं झालं, म्हणून आमच्यावर नजर?” असं म्हणून बाईने पदराने बाळ झाकलं आणि दार लावलं.

अहल्येला ती आता दार उघडणार नाही. म्हणून तुम्हाला विनवणी आहे. गांधी बाजाराच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून निळ्या दाराचं घर आहे. तिकडून जाल तेव्हा बाळाची चौकशी करा. बाळ उजेडाला डोळे मिटतं का, तेवढं बघा. मिटत असेल, तर आजच डॉक्टरकडे न्या म्हणून सांगा. आणि आत घेतलं नाही, तर बाहेरूनच सांगा, पण मोठ्याने सांगा.