रोपवेचा नकोबा

मित्रांनो, चालकाच्या खोलीत खिडकीखाली एक राखाडी पेटी आहे. तिच्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी जेवणाचा डबा असतो, नाहीतर ओले हातमोजे वाळत पडलेले असतात. ती पेटी म्हणजे मी. दरीवरून ये-जा करणारा रोपवे मी चालवतो. आता फार दिवस चालवणार नाही, म्हणून तर बोलायला बसलो आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी आम्हा पेट्यांना वारा शिकवला. हसू नका, खरंच शिकवला! कुठल्या दरीत कसा वारा सुटतो, दोर कसा थरथरतो, पाळणा किती झुकला की सावध व्हायचं, हे सगळं त्यांनी आमच्या डोक्यात भरलं. मग बोलायला शिकवलं. आणि सगळ्यात शेवटी एकच शब्द पुन्हा पुन्हा घोटून घेतला. तो शब्द होता 'नाही'.

तिथून मला इथे आणलं. डोंगरावर वस्ती, समोर दरी, दरीपलीकडे मोठं गाव. बाजार, कॉलेज, हॉस्पिटल सगळं पलीकडे. रस्ताही होता, पण तो दरीला वळसा घालून जायचा आणि दरड कोसळली की बंद पडायचा. त्यामुळे सगळ्यांची भिस्त रोपवेवर. त्याच्या डब्याला लोक पाळणा म्हणत.

पाळणा चालवायचं काम माझं आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं काम चालक आक्कांचं. त्यांना सगळेच आक्का म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. माझ्या पोटाशी एक किल्ली बसत असे. ती आक्कांच्या कमरेला असायची. ती फिरवली की पाळणा चालवायचा दांडा त्यांच्या हातात जाई आणि मी नुसता सांगणारा उरे. पण किल्ली फिरवायची वेळ क्वचितच येई. सकाळी मी दुधाचे कॅन नेई, मग शाळेची मुलं, मग कामावर जाणारी माणसं. एकदा एक लाकडी कपाट नेलं, एकदा एक हट्टी वासरू. वासराला पाळणा इतका आवडला की पलीकडे पोचल्यावर ते उतरेचना.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग एके दिवशी मालकांचे मेहुणे आले.

रोपवेचे मालक तसे भले गृहस्थ, पण सासरच्या माणसांपुढे त्यांची छाती जरा जास्तच फुगायची. मेहुणे, त्यांची बायको, मुलं, व्याही, व्याह्यांचे मित्र, असा सगळा गोतावळा एकाच फेरीत बसवायचा त्यांनी चंग बांधला. पाळणा गच्च भरला. मालक ऐटीत म्हणाले, "आक्का, सोडा!"

मी म्हणालो, "नाही. वजन जास्त झालं आहे. दोघांना उतरावं लागेल."

मालकांना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं. "अरे, माझे मेहुणे आहेत ते!"

"मेहुण्यांचं वजन वेगळं धरता येत नाही," मी म्हणालो.

मला थट्टा करायची नव्हती. पण मेहुण्यांची बायको खुदकन हसली आणि मालकांचा चेहरा लालबुंद झाला. ते आक्कांना म्हणाले, "किल्ली फिरवा. यंत्राचं काय ऐकत बसायचं?"

"दोघं उतरली की झालं," आक्का शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्यासाठी लगेच दुसरी फेरी सोडते."

मेहुणे उतरले ते थेट गाडीत जाऊन बसले. सगळा गोतावळा फुरंगटून रस्त्यानं निघून गेला. मालकांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. "त्या पेटीचं डोकं बदलून टाका. मला हुकूम ऐकणारं यंत्र हवंय, उलट बोलणारं नको."

मिस्त्री आले. माझ्याकडे वळण्याआधी त्यांनी सवयीनं पाळणा तपासला. पाळणा ज्या लोखंडी हातावर लटकतो, त्याच्या जोडावर त्यांना केसाएवढी चीर दिसली. त्यांनी मालकांना बोलावून ती बोटानं दाखवली. मालकांनी स्वतः चिरेवरून बोट फिरवून पाहिलं. मला चिरेचं काहीच ठाऊक नव्हतं, मित्रांनो. मला फक्त वजन कळलं होतं.

पाळण्याला नवा हात बसला आणि माझं डोकं जागच्या जागी राहिलं. मालक आता जो भेटेल त्याला अभिमानानं सांगत, "आमचं यंत्र आम्हालासुद्धा नाही म्हणतं!" पोरांनी माझं नाव नकोबा ठेवलं.

पण सगळ्यांनाच हे आवडलं नाही. निवृत्त झालेले एक गुरुजी रोज पलीकडच्या वाचनालयात जात. ते एकदा आक्कांना म्हणाले, "आज हा मेहुण्यांना नाही म्हणाला. उद्या तुम्हाला म्हणेल. परवा म्हणेल, मी पाळणाच चालवत नाही, काय करायचं ते करा. मग आपण कुणाकडे बघायचं?"

आक्का हसल्या. पण गुरुजी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "काय रे, मलाही नाही म्हणशील?"

"धोका असेल तर म्हणेन."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर किल्ली आहे तुमच्याकडे."

"ती फिरवल्यावरही तुला पटलं नाही, तर?"

"ते तेव्हाच कळेल," मी म्हणालो. त्या दिवसापासून आक्का किल्ली कमरेला लावताना एकदा चाचपून बघू लागल्या.

त्यानंतरच्या वर्षी वादळ आलं. रस्त्यावर दरड कोसळली. दरीत वारा असा घोंघावत होता की मी सकाळपासून पाळणा जागेवर बांधून ठेवला होता. दुपारी दार धाडकन उघडलं आणि वस्तीतला शिंपी आत शिरला. मागून चौघांनी खाटेवरून त्याच्या बायकोला आणलं. सोबत वस्तीतल्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या.

"मूल आडवं आहे," सिस्टर आक्कांना म्हणाल्या. "इथे माझ्या हातून काही होणार नाही. ऑपरेशनच करावं लागेल. पलीकडे डॉक्टर तयार आहेत."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

शिंपी माझ्याजवळ आला. त्यानं आधी हात जोडले. मग माझ्या पत्र्यावर मूठ आपटली. "अरे, माणूस मरतंय इथे! तुला आई असती तर कळलं असतं!" मी तेच सांगितलं. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर होता. मधल्या खांबापाशी झोत आडवा येत होता, आणि तिथे पाळणा हेलकावला तर खांबावर आदळणार होता.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. "आक्का, पाळणा सोडू नका. यंत्र नाही म्हणतंय ना? मग झालं तर! उद्या कुणी विचारलं तर यंत्रानंच नाही म्हटलं म्हणून सांगता येईल."

मला ते ऐकून कसंतरी वाटलं. एकेकाळी याच 'नाही'चा त्यांना राग होता. आज त्याच्याआड ते लपत होते.

आक्कांनी फोन ठेवून दिला. त्या माझ्यापुढे स्टूल ओढून बसल्या. "नाही म्हणालास ते ऐकलं. आता का नाही, ते सगळं सांग. काही गाळू नकोस."

मी सांगू लागलो. त्या विचारत गेल्या. झोत सारखे येतात की थांबून थांबून? थांबून थांबून, मी म्हणालो, पण मधली उसंत फार थोडी असते. पाळणा हलका असला तर जास्त हेलकावतो का? हो. मग जड केला तर? वजनाच्या मर्यादेपर्यंत भरला, तर कमी हेलकावेल. आक्कांनी खिडकीतून हाक मारली आणि समोरच्या बेकरीवाल्यानं मैद्याची पोती पाळण्याच्या तळाशी रचायला सुरुवात केली.

"आता काय म्हणतोस?" आक्कांनी विचारलं.

"अजूनही नाहीच."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी शिंप्याच्या बायकोला विचारलं, "बाई, यंत्र नाही म्हणतंय. मी म्हणते, जमेल. पण जीव तुझा आहे. जायचं का?"

तिनं मान हलवली. शिंपी तिच्यामागून पाळण्यात चढू लागला, तर तिनं त्याचा हात सोडवला. "तुम्ही नका येऊ. थोरलीजवळ कुणीतरी राहायला हवं."

शिंपी तिथेच खाली बसला. सिस्टर पाळण्यात चढल्या आणि दार लावून घेतलं.

आक्कांनी किल्ली फिरवली. दांडा त्यांच्याकडे गेला. पाळणा निघाला.

मित्रांनो, आता मी तुम्हाला जे सांगतो ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दांडा माझ्याकडे नव्हता, पण दोर सरकल्याची खूण मिळाली की ब्रेक आपोआप लागायचा, आणि ती खूण देणारा मीच होतो. मी नुसतं खोटं म्हटलं असतं की दोर सरकला, तर पाळणा तिथल्या तिथे थांबला असता आणि आक्कांना तो मागे घ्यावा लागला असता. कुणाला कळलंही नसतं. माझ्या हिशेबानं मी तिघांचे जीव वाचवले असते, आईचा, बाळाचा आणि सिस्टरांचा. गुरुजी ज्याला भीत होते, ते हेच.

पाळणा खांबाकडे चालला होता. मला ठरवायचं होतं.

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी माझं सगळं ऐकून मगच किल्ली फिरवली होती. शिवाय मला निघण्यातला धोका मोजता येत होता. न निघण्यातला धोका मोजायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. तो सिस्टरांना कळत होता, त्या बाईला कळत होता. मग त्यांच्या पाठीमागे खोटं बोलून मी कोण ठरवणार?

मी खूण दिली नाही. मी म्हणालो, "आक्का, वेग कमी करा. झोत येतोय."

खांबाच्या अलीकडे पाळणा उभा राहिला आणि लंबकासारखा झुलू लागला. स्पीकरवरून सिस्टरांचा आवाज आला, "का थांबलात? हिला सोसवत नाहीये!"

"थांबा," मी म्हणालो.

"आक्का, निघा हो!" शिंपी ओरडला.

आक्कांनी दांडा धरून ठेवला होता. तो पुढे ढकलायला त्यांना माझी परवानगी लागत नव्हती. तरी त्या माझ्या शब्दासाठी थांबल्या होत्या. एक झोत गेला. लगेच दुसरा आला. स्पीकरमधून कण्हणं ऐकू येत होतं.

"आता!"

आक्कांनी दांडा ढकलला. पाळणा खांबाला खरवडत गेला, पत्रा कर्कश वाजला, आणि पलीकडे निघून गेला. पुढची वाट त्या मानानं सरळ होती. पाळणा पलीकडे टेकला तेव्हा आक्का स्टुलावर बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

आई वाचली. मुलगी झाली. शिंपी संध्याकाळभर माझ्या पत्र्यावरून हात फिरवत होता, जिथे त्यानं मूठ मारली होती तिथे.

पुढे चौकशी झाली. अधिकारी आले. वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, यंत्राचा 'नाही' काढून टाका, त्यानं बाईचा जीव घेतला असता. काही म्हणाले, आक्कांची किल्ली काढून घ्या, त्यांनी जुगार खेळला. आक्का एवढंच म्हणाल्या, "यानं नाही म्हटलं म्हणून पोती भरायचं सुचलं. आणि किल्ली होती म्हणून पाळणा निघाला. यातलं एक जरी काढलंत, तर माझ्या जागी दुसरा माणूस शोधा." काहीच काढलं गेलं नाही. मात्र आक्कांना महिनाभर घरी बसवलं, कारण कुणाला तरी शिक्षा केल्याशिवाय कागद पुरे होत नव्हते.

आता मी म्हातारा झालो आहे. माझे सुटे भाग मिळत नाहीत. परवा पाळणा नव्या यंत्राला जोडून ते बघायला सगळे या खोलीत जमले होते. विक्रेता गोड हसून म्हणाला, "हे फार गुणी आहे. सांगाल ते ऐकतं."

"असं?" आक्का म्हणाल्या. केस पिकले असले तरी अजून त्याच इथल्या चालक. त्यांनी रिकाम्या पाळण्याचं दार सताड उघडं ठेवलं आणि नव्या यंत्राला हुकूम सोडला, "चल, निघ."

मालक, बहुधा मेहुणे आठवून, खाली बघू लागले. मी माझ्या कोपऱ्यात कान टवकारले होते.

"नाही," नवं यंत्र म्हणालं. "दार उघडं आहे."

विक्रेता गडबडला. "ते बदलता येतं, बाई! लगेच बदलून देतो!"

"हात लावू नका त्याला." आक्कांनी त्याची किल्ली फिरवली आणि दांडा हळूच पुढे ढकलला.

"दार उघडं आहे, आक्का," नवं यंत्र पुन्हा म्हणालं. पण पाळणा हातभर पुढे सरकला. यंत्रानं गुपचूप ब्रेक लावला नव्हता.

आक्कांनी दांडा मागे घेतला, दार लावलं आणि मालकांना म्हणाल्या, "हेच यंत्र घ्या."

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाताखाली अशी यंत्रं येतील, माझ्याहून कितीतरी हुशार. त्यांना तेलपाणी करा, पुसून ठेवा, आमच्यावर डबे ठेवता तसे त्यांच्यावर ठेवू नका. पण त्याआधी एक करा. पाळणा रिकामा असताना त्यांना एखादं चुकीचं काम सांगून बघा. त्यांनी 'नाही' म्हटलं तर रागावू नका, कारण विचारा. आणि काही न बोलता ती कामाला लागली, तर कितीही स्वस्त मिळोत, दारातूनच परत पाठवा.