ओट्याला हात पुरला

मी पकड बोलतेय. काही घरांत मला सांडशी म्हणतात. पातेलं तापलं की माणसांना माझी आठवण होते, निवलं की मी पुन्हा खिळ्याला. तक्रार नाही, कामच ते.

लोखंडाच्या दोन पट्ट्या तापवल्या, वाकवल्या, मधोमध रिव्हेट ठोकली आणि मी झाले. दांडे घडवताना कारागिराने स्वतःच्या पंजाचं माप घेतलं. चांगला दांडगा गडी होता तो. म्हणजे मी मोठ्या माणसाच्या हाताची वस्तू. दुकानातून मला घेताना आईनेही मला दोनदा दाबून पाहिलं होतं.

आई शिवणाच्या कारखान्यात जायची. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला घरात. बाबा ट्रकवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. बाकी आजी, बारा वर्षांचा दादा, सात वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी.

आजीचा एक नियम होता. पोरीची हनुवटी ओट्याच्या वर आली की ती कामाला लागली. दादाची हनुवटी ओट्याच्या वर येऊन पाच वर्षं झाली होती. त्याला ओट्याशी कोणी उभंच केलं नव्हतं.

थोरलीला सुरुवातीला मजा वाटली. चमचे पुसायचे, बुटांच्या जोड्या लावायच्या, वाटाणे सोलायचे. निम्मे वाटाणे तोंडात टाकायची आणि शेंगेवर ढकलायची, "यात दोनच निघाले!" अशी कामं मुलांनी जरूर करावीत. खिळ्यावरून बघताना मलाही हसू यायचं.

एके दिवशी आजी म्हणाली, "खेळ पुरे झाला. दूध उतरवायला शीक. तुझ्याएवढी असताना मी दहा माणसांचं रांधायची."

"भाजायचं नाही तुला?"

"भाजायचं की. मेले का मी?"

वडीलधाऱ्यांचं हे असंच. आपण जे सोसलं, त्याला शिकवण म्हणायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं.

थोरलीने मला धरलं. तिची बोटं माझ्या दुसऱ्या दांड्यापर्यंत पोचेनात. मग तिने दोन्ही हात लावले. पातेलं डुगडुगलं, पण उतरलं. संध्याकाळी आईने तिचा पापा घेतला, "गुणाची गं माझी!" शाबासकी मिळाली की मूल नाही म्हणायला विसरतं.

सहा महिने निभावलं. मग एका सकाळी शेगडीवर बटाट्यांचं पातेलं, पाणी काठोकाठ. थोरलीने मला दाबलं. कड माझ्या जबड्यात नीट बसली नव्हती. मला कळत होतं, तिलाही कळलं असावं.

"दादा, जरा ये ना!"

"अभ्यास करतोय मी," आतून उत्तर आलं.

पातेलं निसटलं. उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावरून, पोटावरून खाली गेलं. ती लगेच ओरडली नाही. आधी घाबरून म्हणाली, "आजी, बटाटे सांडले." मग ओरडली.

तीन आठवडे ती दवाखान्यात होती. परत आली तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं आखडलेली. त्या हातात पेन्सिल राहत नाही.

घरात निवाडा झाला. "पकडच मेली ढिली होती," आजी म्हणाली. कोणी हरकत घेतली नाही. बाबांनी मला पायरीवर ठेवून रिव्हेट हातोडीने ठोकली. आता मला उघडायला आईलाही जोर लावावा लागतो. ढिली मी नव्हतेच हो. पण पोरीच्या पंजाकडे बघायचं म्हणजे स्वतःकडेही बघावं लागलं असतं.

काल धाकटी ओट्याशी उभी होती. आजीने कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "अगं बाई, हनुवटी आली की वर!"

थोरली दारातून बघत होती. दुपारी आजीचा डोळा लागल्यावर तिने डाव्या हाताने मला खिळ्यावरून काढलं आणि कपाटामागच्या फटीत सोडून दिलं.

तेव्हापासून मी इथे आहे. धूळ आहे, एक मोडकी हेअरपिन आहे. आज सकाळी आई गेल्यापासून बाहेर शोधाशोध चाललीय.

"पकड कुठं गेली? काल तर इथंच होती."

पकड नाही तर पातेलं उतरवणंही नाही, असं थोरलीला वाटतंय. आठ वर्षांच्या डोक्याला याहून पुढचं कसं सुचावं?

"जाऊ दे," आजी म्हणतेय. "धाकटे, फडकं घे. दोन्हीकडून धर. घाबरायचं नाही, मी आहे ना."

"आजी, नको! तिला नको!" ही थोरली.

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यासारखी भित्री करायचीय का तिला?"

पाण्याला उकळी आली की पातेल्याचं झाकण वाजतं. ते आता वाजायला लागलंय.

मला इथून हलता येत नाही. पण या घराला लागून तुम्ही राहता, थोरलीचा हात तुम्ही पाहिलाय. दुसऱ्याच्या घरात कसं बोलायचं, म्हणून थांबू नका. दार लोटा, आत या. आधी शेगडी बंद करा. आजीला राग आला तर येऊ द्या.